हाड जुळले, तरी घोटा का दुखतो?



राऊच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. पाय मुरगळायला एवढे निमित्त पुरते. आमचा डावा घोटा बटाट्याच्या सरीतच मोडला. शस्त्रक्रिया झाली, पट्टी व स्क्रू बसले, हाडही जुळले. पण खाटेवरून उतरताना पहिली दहा पावले डोळ्यांत पाणी आणीत आणि सोयाबीनची पेरणी आम्हांला बांधावर बसून पाहावी लागली. असे दुखणे सोसणारे आपल्यात आणखीही आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

घोट्याचे हाड साधारण 6 ते 12 आठवड्यांत जुळते. पण घोटा म्हणजे नुसते हाड नव्हे. भोवतीचे बंध, सांध्यातील कूर्चा आणि पोटरीचे स्नायू सावरायला अधिक काळ लागतो. संध्याकाळची सूज 6 महिने, कधी वर्षभरही येत राहते. पाय फार दिवस न हलल्यास पाऊल वरच्या बाजूस वळेनासे होते. उकिडवे बसून खुरपताना घोट्याच्या पुढच्या बाजूस कळ येते, ती पुष्कळदा यामुळेच.

1958 साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन पट्टी-स्क्रूने हाड घट्ट बसविण्याच्या आधुनिक पद्धतीचा पाया घातला. सांधा लवकर हलवता यावा, हा त्यामागचा मोठा हेतू. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही पाय उशीवर जपून ठेवणे म्हणजे पट्टीचा अर्धा लाभ घालवणे होय. आम्ही तेच केले!

पाय लांब करून बसावे, पंचा तळव्याच्या पुढच्या भागाला अडकवून हळू ओढावा, पोटरी ताणली जाईल इतकाच. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने खाट धरून टाचा उचलाव्यात. व्यायामाने थोडे दुखणारच. दुसऱ्या सकाळी दुखणे पूर्ववत झाले असेल तर ठीक. सूज कालपेक्षा वाढली असेल तर काम जास्त झाले असे समजावे. खुरपणीला उकिडवे न बसता बुटके स्टूल घ्यावे. संध्याकाळी पाय छातीपेक्षा उंच ठेवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटे लावावा.

मात्र सगळेच दुखणे सोसण्याचे नसते. जखमेतून पू, ताप, किंवा वाढती लाली दिसली तर दिवस घालवू नये. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. त्यात धाप लागली तर तडक इस्पितळ गाठावे. चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल, पाय जळजळत असेल व त्याचा रंग बदलत असेल, तर तो मज्जातंतूंचा निराळा विकार असू शकतो. त्यावर लवकर उपचार झालेले बरे. मधुमेह्यांनी तर गरम, सुजलेला घोटा दुखत नसला तरी दाखवावा.

बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडतो खरा, पण त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. वेदनाशामक गोळ्याही मनाने महिनोन्महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड बिघडते. आणि पट्टी बसवलेला घोटा कोणाकडून ओढून वा मुरगळून घेऊ नये, मग तो हाडवैद्य कितीही नावाजलेला असो.

बूट नेमका स्क्रूवर घासून दुखत असेल तर, हाड पक्के जुळल्यावर, बहुधा वर्षभराने, पट्टी काढता येते. पण तिने दुखणे थांबेलच असे नाही. आम्ही तूर्त बुटाच्या आत त्या जागी मऊ गादी लावली आहे आणि काठी घेऊन बांधापर्यंत जातो.