झटका कुंपणाचे विज्ञान



खानापूर तालुक्यात गवे आणि रानडुकरे पिकात शिरण्याचा त्रास जुनाच आहे. त्यात मोकाट गुरांची भर. म्हणून अनेक शेतकरी बांधावर झटका कुंपण घालतात. एवढ्या बारीक तारेला गव्यासारखे जनावर का भिते, ते आज आपण पाहू.

कुंपणाचे यंत्र बॅटरीतील वीज साठवून साधारण सेकंदाला एकदा तारेत सोडते. दाब काही हजार व्होल्ट असतो, पण हा ठोका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच टिकतो. त्यामुळे झटका जोराचा बसतो, तरी दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात जनावराला मागे सरता येते. ही वीज तारेतून जनावराच्या अंगात, पायांतून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईतून परत यंत्रात जाते. तारेवर बसलेल्या चिमणीचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून तिला काही होत नाही.

या वाटेत कुठेही बिघाड झाला की झटका मंदावतो. पावसाळ्यात वाढलेले ओले गवत तारेला टेकले की वीज तिथूनच जमिनीत झिरपते. इन्सुलेटर तडकला की ती लोखंडी खांबातून उतरते. तिथे टिकटिक आवाज येतो. तार तुटली की पुढचा भाग कोरडाच राहतो. उन्हाळ्यात माती सुकली की परतीची वाट अडते. तेव्हा सळईभोवती पाणी ओतावे किंवा आणखी सळया ठोकाव्यात. बिघाड शोधायचा तर कुंपणाचे भाग एकेक करून सोडवावेत आणि टेस्टरने तपासावे. दुरुस्तीआधी यंत्र बंद करावे.

पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. झटका मंदावला म्हणून कोणी घरातील किंवा खांबावरील वीज थेट तारेला जोडू नये. तिचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे यंत्रापेक्षा कमी, पण ती अखंड वाहते. हाताचे स्नायू आखडतात, तार सुटत नाही आणि माणूस दगावतो. हा कायद्याने गुन्हा आहे. अशा तारेला रानडुकराआधी आपलेच मूल किंवा शेजाऱ्याची गाय लागू शकते.

मुलांनो, कुंपणाची तार कोणतीही असो, तिला हात लावू नका. तुटलेली तार दिसली तर लांबूनच मोठ्यांना सांगा.