कृत्रिम तंत्रिका जाल व मानवी मेंदू

मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) कार्याचे स्थूल अनुकरण करणारी गणितीय रचना म्हणजे कृत्रिम तंत्रिका जाल होय. जालातील प्रत्येक घटक त्याच्याकडे आलेल्या संख्यांना निरनिराळ्या भारांनी गुणून त्यांची बेरीज करतो व तीनुसार पुढील घटकांना संदेश देतो. अशा कोशिकेचे पहिले गणितीय प्रारूप वॉरन मकलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले. फ्रँक रोझेनब्लाट यांचे पर्सेप्ट्रॉन १९५८ मधील. उत्तरातील चूक उलट दिशेने स्तरास्तरांत वाटून भार सुधारण्याची रीत १९८६ नंतर रूढ झाली. मेंदू याच रीतीने शिकतो, असे सिद्ध झालेले नाही. त्या दृष्टीने ‘तंत्रिका जाल’ हे नाव काहीसे उदारपणे दिलेले आहे.

मानवी मेंदूत सु. ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका असून तो सु. २० वॉट इतक्या अल्प शक्तीवर चालतो. त्यातील कोशिका नुसती बेरीज करीत नाही. विद्युत् स्पंदांची वेळ व रासायनिक द्रव्ये यांवरही तिचे कार्य अवलंबून असते.

हा भेद व्यवहारात कसा जाणवतो, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबबागांत मिळते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. या पिकाचा मोठा शत्रू असलेला तेल्या हा रोग सूक्ष्मजंतूंमुळे होतो. त्याचे ठिपके कवकजन्य ठिपक्यांसारखे भासल्याने केवळ कवकनाशक फवारले गेले, तर खर्च वाया जातो आणि पावसाळी हवेत रोग बागभर पसरतो. पानाफळांच्या छायाचित्रांवरून असे रोग ओळखण्यास जालांना शिकविता येते. मात्र त्यासाठी रोगाचे नाव नोंदलेली छायाचित्रे मोठ्या संख्येने लागतात. सर्व छायाचित्रे एकाच प्रकारच्या उजेडात घेतलेली असल्यास जाल ठिपक्याऐवजी उजेडच ‘शिकते’ आणि परक्या बागेत फसते. जाणता बागायतदार थोड्या झाडांवरून रोग ओळखू लागतो. तो पान उजेडासमोर धरून ठिपक्याची तेलकट, पारदर्शक कड पाहतो. गुटी कोठून आणली, मृग बहार धरला होता काय, पाऊस केव्हा झाला, हेही त्याच्या निर्णयात मिसळते. चित्रापुरत्या जालाला यांपैकी काहीच उपलब्ध नसते.

उलट, हजारो पाने न थकता एकाच कसोटीने तपासण्यात जाल माणसाला मागे टाकते. परंतु त्याला पुढे केवळ नव्या रोगाची चित्रे शिकविल्यास जुने भार बदलतात व आधीचा रोग ओळखण्याची त्याची क्षमता ढासळते. म्हणून नव्या चित्रांबरोबर जुनीही पुन्हा दाखवावी लागतात.