चेंडूवरची अक्षरे

करंडक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चांदीचा झळाळता पेला उभा राहतो. परंतु अमेरिकेतील बेसबॉलच्या बाल्यावस्थेत सामन्यात खेळलेला चेंडू हाच विजेत्यांचा करंडक असे. सामन्याचा चेंडू जिंकणाऱ्या क्लबच्या मालकीचा होईल, असे त्या काळच्या नियमांतच म्हटले होते. विजेते त्या चामडी चेंडूला बहुधा सोनेरी रंग देत, त्यावर तारीख, क्लबांची नावे आणि धावसंख्या रेखीत आणि तो कपाटात मांडून ठेवीत. खेळ तेव्हा हौसेचा होता. मानाचा चेंडू हीच खरी कमाई.

१८६९ साली सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघाने उघडपणे पगारी खेळाडू उतरविले आणि काळ पालटला. पुढे चांदीचे चषक आले. १८८७ साली हेलन डॉव्रे या अभिनेत्रीने दिलेला चषक प्रथम डेट्रॉइटने जिंकला. १८९४ साली पिट्सबर्गच्या विल्यम टेंपल यांनी दिलेल्या चषकासाठी चार वर्षे सामने झाले. त्यांपैकी टेंपल चषक आज कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात सुरक्षित आहे. डॉव्रे चषकाचा मात्र ठावठिकाणा लागत नाही. चांदीचे हे असे, मग चामड्याच्या चेंडूंची काय कथा! क्लब मोडले, कपाटे रिकामी झाली. म्हणूनच उरलेल्या चेंडूंसाठी संग्राहक आज मोठी किंमत मोजतात.

जेथे किंमत तेथे बनावट, हे ओघानेच आले. मग खरा चेंडू ओळखावा कसा? केवळ चामड्याचे जुनेपण पुरेसे नाही. चेंडूवरील अक्षरे साक्ष देतात आणि ती साक्ष पडताळता येते. हेन्री चॅडविकसारख्या वार्ताहरांमुळे त्या काळच्या वृत्तपत्रांत सामन्यांचे तपशीलवार धावफलक छापून येत. तारीख आणि धावसंख्या त्यांच्याशी जुळली, शिवाय चेंडू कोणाकडून कोणाकडे आला ही साखळी अखंड असली, तर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. साखळीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला १९२१ साली लाभलेल्या स्पॉल्डिंग संग्रहातून बेसबॉलचे कित्येक जुने कागद चोरीस गेले. वस्तू अस्सल असूनही चोरीची असू शकते!

याउलट कूपर्सटाउनचाच एक चेंडू पाहा. १९३०च्या दशकात जवळच्या एका खेड्यातील जुन्या पेटीत तो सापडला आणि अवघ्या पाच डॉलरना विकत घेतला गेला. अॅबनर डबलडे याने १८३९ साली याच गावी बेसबॉल शोधून काढला, अशी आख्यायिका होती. हा चेंडू त्याचाच, असे सांगण्यात आले. वास्तविक डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. चेंडूवर ना नाव, ना तारीख; गोष्ट लोकांनी चिकटविलेली.

संग्रह म्हणजे केवळ वस्तूंचा साठा नव्हे. वस्तूबरोबर तिचा पुरावाही जपला, तरच तो इतिहास ठरतो. एरवी ती शोभेची वस्तू होय.