विश्लेषण : किनाऱ्यालगत जमीन घेताना ‘क्लिअर’ सातबारा पुरेसा का नाही?

सलग सुट्ट्या आल्या की मोबाइलवर जाहिराती येऊ लागतात : ‘समुद्रापासून चालत पाच मिनिटे, क्लिअर टायटल, सातबारा तयार’. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गावांत जागा शोधणारा अनेकदा बाहेरचा असतो आणि विकणाऱ्यांपैकी अर्धे हिस्सेदार मुंबईत असतात. सातबारा आता घरबसल्या दिसतो. त्यावर विकणाऱ्याचे नाव दिसले की चौकशी संपली, असे अनेकांना वाटते. खरी चौकशी तिथून सुरू होते.

सातबारा काय सांगतो?

गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा होतो. नमुना ७ मध्ये सर्व्हे किंवा गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादारांची नावे आणि ‘इतर हक्क’ असतात. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. महाभूलेख संकेतस्थळावर दिसणारा विनास्वाक्षरी उतारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर कामासाठी चालतो.

क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते, व्यवहार मात्र गुंठ्यावर ठरतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. ‘पोटखराबा’ किती आहे, तेही पाहावे. कातळ, ओहोळ, वाट असा भाग त्यात असू शकतो.

मग तो मालकीचा पुरावा नाही?

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यावरील नोंद चुकीची सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही किंवा संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. मालकी येते ती खरेदीखत, वारसा, वाटप किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांतून. सातबारा त्या घटनांची फक्त नोंद घेतो, आणि ती नोंद कधी उशिरा, कधी अपुरी होते.

कोकणात गुंता अधिक का?

येथील बऱ्याच जमिनी खोती पद्धतीखाली होत्या. सारा गोळा करणारा खोत आणि कसणारे कूळ यांच्यातील संघर्षातून अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ यांमुळे कसणारी कुळे मालक होण्याचा मार्ग खुला झाला.

हा इतिहास आजही ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतो. तिथे कुळाचे नाव असेल तर त्याच्या वारसांचा हक्क तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल तर जमीन मुक्तपणे विकता येत नाही. पूर्वपरवानगी लागते का किंवा ठरलेली नजराणा रक्कम भरली आहे का, हे पाहावे लागते. ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असतात. देवस्थान इनाम, आकारीपड किंवा ‘खाजगी वन’ असे शब्दही नजरेआड करू नयेत. ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खासगी वने कायद्याने शासनाकडे गेली. तो शेरा लागू असेल तर घर बांधणे दूरच, विक्रीचाच प्रश्न उभा राहतो.

फेरफार उलटे का वाचायचे?

सातबाऱ्यावर नावांजवळ छोटे आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना ६ मधील एक नोंद असते : कोण वारले, कोणी विकले, कोणाचे नाव कमी झाले. आजच्या नोंदीपासून मागे जात किमान ३० वर्षांची साखळी जुळवण्याची वकिलांची पद्धत आहे.

या साखळीत दोन ठिकाणी थांबावे. पहिले, ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचे असले तरी त्यामागे भावंडे आणि त्यांचे वारस असतात. दुसरे, वारस नोंदीत मुलींची नावे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणींची नावे गेली असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. ‘त्यांना काही नको आहे’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही.

एका हिस्सेदाराने विकले तर?

समजा, सात जणांच्या सामाईक नावावर ७० गुंठे आहेत आणि एकाने समुद्राकडचे १० गुंठे दाखवून पैसे घेतले. तो आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, पण वाटप झाल्याशिवाय समुद्राकडचाच तुकडा त्याचा ठरत नाही. खरेदीदाराच्या हाती येतो सातवा हिस्सा आणि बहुधा दिवाणी दावा. आयुष्याची पुंजी अडकते ती अशा ठिकाणी.

समुद्राची रेषा कोणत्या कागदावर?

सातबाऱ्यावर सहसा ती नसते. त्यासाठी किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे पाहावे लागतात. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ असतो. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरमागे २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागांत, त्या अधिसूचनेप्रमाणे आराखडा तयार असल्यास, ही मर्यादा ५० मीटर आहे. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतील जे कमी ते धरतात. कांदळवन, वाळूच्या टेकड्या आणि कासवांची घरटी असलेल्या जागा सर्वाधिक संरक्षित गटात येतात. त्यामुळे मालकी निर्दोष असूनही बांधकाम अशक्य, असे होऊ शकते.

शेतकरी नसलेल्याने काय पाहावे?

कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘एनए प्लॉट’ असे सांगितले जात असेल तर अकृषिक आकारणीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागावे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर पाडलेले प्लॉट विकायचे असतील तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी लागते. ती संकेतस्थळावर तपासता येते.

नोंदणीकृत दस्तांची ‘सूची २’ नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहता येते. मुंबईबाहेरचे दस्त तिथे २००२ पासूनचे असतात. त्याआधीचा शोध दुय्यम निबंधक कार्यालयात घ्यावा लागतो. शेवटी भूमी अभिलेख विभागाची मोजणी. गडगा कुठे आहे, यावर हद्द ठरत नाही.

गावाबाहेर राहणाऱ्या हिस्सेदाराने?

याच नोंदी त्याचेही रक्षण करतात. ‘आपली चावडी’ या डिजिटल फलकावर गावातील प्रलंबित फेरफार विनाशुल्क दिसतात. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. मुदतीत लेखी हरकत आली तर नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. आजोबांच्याच नावावर राहिलेला सातबारा असेल तर वारस नोंदीचा अर्ज आधी करावा. ज्याचे नाव अभिलेखात नाही, त्याला नोटीस येण्याची शक्यताही कमी. गणपतीला गावी गेल्यावर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे एक फेरी मारली तरी निम्मे काम होते.