परमुलखातले शूटिंग आणि प्यायचे पाणी

तालुक्याच्या गावी सिनेमाच्या पडद्यावर परदेशातले एखादे जंगल, एखादी रुंद नदी तुम्ही पाहिली असेल. ते चित्र घ्यायला तिथवर गेलेली मंडळी पाणी कुठले पीत असतील, असा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही. खरे तर अशा मोहिमांचे घोडे पुष्कळदा तिथेच पेंड खाते.

१९५१ साली जॉन ह्यूस्टन ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने 'द आफ्रिकन क्वीन' नावाचे चित्र काढले. गोष्ट पहिल्या महायुद्धातली. एक मिशनरी बाई आणि एक नावाडी वाफेवर चालणाऱ्या जुनाट होडीतून आफ्रिकेतली नदी उतरून जातात, एवढीच. बाईंचे काम कॅथरिन हेपबर्नचे, नावाड्याचे हम्फ्री बोगार्टचे. नदी स्टुडिओत उभी करता आली असती. पण खरी आफ्रिकाच हवी असा ह्यूस्टनचा हट्ट. म्हणून सारा लवाजमा तेव्हाच्या बेल्जियन कांगोत आणि मग युगांडात गेला.

आता सामान पाहा. त्या काळी रंगीत चित्रासाठी टेक्निकलरचा कॅमेरा लागे. त्यात एकाच वेळी तीन फिती धावत. भिंगातून आलेला प्रकाश वाटून लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग तीन फितींवर उमटत. त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून वर जाडजूड पेटी. असे हे धूड होडीत मावणार कसे? मग तराफ्यांची वरात निघाली. एका तराफ्यावर होडीची नक्कल बांधली, दुसऱ्यावर वीज करणारे यंत्र. नदीला वळण आले की सगळी वरात काठाला अडकायची. खुद्द होडीही एकदा तळाशी गेली, ती वर काढावी लागली. शिवाय फिती धुवायला पार लंडनला जात. उजेड बिघडला असला तर ते इथे फार उशिरा कळायचे.

पण होडी वर काढता येते. आजारी माणसांचे तसे नसते. हगवण आणि हिवताप ह्यांनी एकेकाला गाठले. छायालेखक जॅक कार्डिफही सुटला नाही. हेपबर्नबाई तर फार आजारी पडल्या. युगांडातल्या बुटियाबा इथे चर्चमधला प्रसंग घेतला, तेव्हा त्या बाजा वाजवीत बसलेल्या आणि चित्राबाहेर, हाताशी, ओकारीसाठी बादली ठेवलेली!

गंमत अशी की ह्यूस्टन आणि बोगार्ट मात्र धडधाकट राहिले. दोघेही व्हिस्कीचे भक्त. त्यांचा निषेध म्हणून हेपबर्नबाई मुद्दाम पाणीच पीत, आणि पाण्यानेच त्यांचा घात केला. ही गोष्ट पुढे बोगार्टने मोठ्या चवीने सांगितली. गुरुजी, तुम्ही ती वर्गात सांगाल तर अर्धीच सांगू नका. दारूने पोटातले जंतू मरत नाहीत. बोगार्ट वाचला तो स्थानिक पाण्याला त्याने तोंड लावले नाही आणि डब्यातले अन्न खाल्ले म्हणून. तेच पाणी खळखळ उकळून हेपबर्नबाईंनी घेतले असते, तर बादलीची गरज पडती ना.

ह्यापुढची गोष्ट उकळण्याच्याही पलीकडची आहे. आफ्रिकेतल्या पुष्कळ नद्यातळ्यांत बिलहार्झिया नावाच्या रोगाचे कृमी असतात. त्यांची पिले पाण्यातल्या लहान गोगलगाईंच्या अंगात वाढतात, मग बाहेर पडून पोहत असतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून सरळ आत शिरतात. पाणी न पिता नुसते पाय बुडवले तरी पुरते! आपल्याकडे हा रोग जवळजवळ नाहीच. तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी त्याचे ठाणे सापडल्याचे १९५२ साली प्रसिद्ध झाले होते. तेव्हा हे अगदीच परक्याचे दुखणे, असेही म्हणता येत नाही.

म्हणून नावाडी आणि बाई पाण्यात उतरतात ते प्रसंग आफ्रिकेत घेतलेच नाहीत. लंडनजवळच्या स्टुडिओत पाण्याचे हौद भरले आणि तिथे दोघांना गळ्याइतक्या पाण्यात उभे केले. खऱ्या आफ्रिकेचा हट्ट असा अखेर हौदात येऊन बसला. जळवांचा प्रसंगही तिथलाच. ह्यूस्टनला खऱ्या जळवा हव्या होत्या. बोगार्ट म्हणाला, रबरी आणा. रबरी जळवा अंगाला चिकटेनात. शेवटी जळवा पाळणारा एक गृहस्थ बोलावला, त्याच्याच छातीवर खरी जळू लावली आणि तेवढे जवळून टिपले. पडद्यावर आपल्याला वाटते, ती बोगार्टची छाती.