लहान सभागृह आणि ‘इंडी’ रॉक : वॉशिंग्टन येथील एक उदाहरण

‘इंडी’ हे विशेषण मूलतः संगीताच्या शैलीचे नव्हे, तर व्यवहाराचे होते. मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांचा आश्रय न घेता स्वतःच्या किंवा स्नेह्यांच्या पैशाने ध्वनिमुद्रिका काढणारे ते ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र. त्याचेच हे लघुरूप होय. असा एखादा आवडता बँड दोनशे माणसांच्या खोलीत प्रत्यक्ष ऐकण्यात जो विशेष आनंद असतो, त्याचे वर्णन बहुधा रसिकाच्या भावनेच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार खोलीच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम ध्वनीसंबंधी. विशाल प्रेक्षागारात श्रोत्याच्या कानी पडते ते जवळजवळ सर्वच ध्वनिवर्धक यंत्रणेतून आलेले असते. लहान खोलीत तसे नसते. ड्रमचा आघात तेथे कातड्यावरून थेट श्रोत्यापर्यंत पोहोचतो, गिटारचा स्वर वादकाच्या पाठीमागील ॲम्प्लिफायरमधूनच येतो, आणि यंत्रणेची खरी गरज उरते ती गायकाच्या कंठाला. परिणामी आवाजांचा तोल वादकांनाच परस्परांकडे लक्ष देऊन राखावा लागतो. ड्रमवादक आवेशात आला की गाण्याचे शब्द बुडालेच म्हणून समजावे. शिवाय जो जेथे उभा असेल त्याला त्या जागेचे गाणे ऐकू येते. आपल्या बैठकीतही तंबोऱ्याजवळ बसलेल्यास आणि दाराशी बसलेल्यास एकच ख्याल काहीसा निराळा भासतो. मात्र हे साम्य फार ताणता येत नाही, कारण खासगी बैठकीला यजमान असतो. येथे खोलीचे भाडे त्या त्या रात्रीच निघावे लागते.

ते निघते कशातून? मुख्यतः मद्यविक्रीतून. तिकिटाचे पैसे बँडकडे जातात आणि जागेचा मालक पेयांवर जगतो, अशी ही सर्वसाधारण रीत आहे. म्हणून ज्यांना कायद्याने मद्य देता येत नाही अशा अल्पवयीनांना दारातच अडविले जाते. आणि या संगीताचा सर्वांत उत्कट श्रोता, किंबहुना पुष्कळदा त्याचा कर्ताही, नेमका त्याच वयाचा असतो.

वॉशिंग्टनमध्ये या अडचणीतून निघालेली वाट अभ्यसनीय आहे. तेथील ‘नाइन थर्टी क्लब’ १९८० साली एफ रस्त्यावरील ९३० क्रमांकाच्या इमारतीत सुरू झाला; अधिकृत क्षमता १९९ माणसांची. त्याच वर्षी ‘टीन आयडल्स’ हा शाळकरी वयाच्या मुलांचा बँड सॅन फ्रान्सिस्को येथील ‘मबुहाय गार्डन्स’मध्ये वाजवावयास गेला असता, त्यांना मद्य दिले जाऊ नये म्हणून त्यांच्या हातांवर काळ्या शाईने फुलीची खूण करण्यात आली. ही युक्ती त्यांनी गावी आणली : हातावर फुली करा, पण आत येऊ द्या. क्लबने ती मान्य केली. हीच फुली पुढे स्वेच्छेने मद्य वर्ज्य करणाऱ्या तरुणांचे बोधचिन्ह बनली, हा इतिहासाचा एक मौजेचा भाग.

त्या बँडमधील इयन मकाय याने १९८७ साली ‘फुगाझी’ उभा केला. कोणत्याही वयाच्या श्रोत्यास प्रवेश आणि तिकीट शक्यतो ५ डॉलर, हे त्याचे दोन नियम. दोनशे श्रोत्यांचे होतात १,००० डॉलर. त्यांतूनच भाडे, ध्वनियंत्रणा आणि दारावरचा माणूस यांचा खर्च भागावयाचा. मद्यगृहांना हा हिशेब सहसा परवडत नसल्यामुळे बँड चर्चची दालने व सामाजिक केंद्रे शोधीत हिंडला. दंडेली करणाऱ्या श्रोत्याच्या हाती त्याचे ५ डॉलर परत देऊन त्याला बाहेर काढण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. काही समीक्षकांना यात वैराग्याचा अभिनिवेश दिसला. आम्हांस तो काटेकोर हिशेब वाटतो. मद्याचा आधार काढून घेतला तरी खोली चालते काय, याची ती प्रत्यक्ष परीक्षा होती.

अशा खोल्या टिकणे मात्र कठीण झाले आहे. ‘नाइन थर्टी’ १९९६ साली १,२०० माणसांच्या जागेत गेला. न्यूयॉर्कचे ‘सीबीजीबी’ २००६ साली भाड्याच्या वादानंतर बंद पडले. ब्रिटनमध्ये एकट्या २०२३ साली अशी १२५ लहान ठिकाणे संगीतास मुकली, असे तेथील ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ने नमूद केले आहे.

‘फुगाझी’ २००२ च्या नोव्हेंबरातील लंडन येथील कार्यक्रमांनंतर थांबला. त्याच्या हजाराहून अधिक कार्यक्रमांपैकी आठशेंहून अधिक ध्वनिमुद्रित झाले होते, आणि २०११ पासून ते इंटरनेटवर क्रमाने उपलब्ध होत गेले. प्रत्येकाचे सुचविलेले मूल्य पुन्हा ५ डॉलरच. संशोधकाने हे साधन वापरताना एक गोष्ट ध्यानी धरावी. ध्वनियंत्रणेच्या फलकावरून थेट घेतलेल्या मुद्रणात यंत्रणेतून गेलेलेच आवाज उतरतात. लहान खोलीतील अशा मुद्रणात म्हणून गायकाचा कंठ पुढे येतो आणि ड्रम दुबळे वाटतात. प्रत्यक्ष खोलीत ते सर्वांत प्रबळ असतात.