मेंढपाळ आणि राजा

ईश्वर हा राजा आहे, असें आपण प्रार्थनेंत नित्य म्हणतों. परंतु तो राजा कसा, याचा विचार क्वचितच करितों. ज्या राज्यांत केवळ सौम्यता आहे, तेथें दुर्बळांस बळजोरांपासून कोण राखील? आणि जेथें केवळ दंड आहे, तेथें पश्चात्तापी मनुष्यानें कोठें जावें? या कोड्याचें उत्तर ख्रिस्ती चित्रकारांनीं रंगांनीं दिलें आहे. त्यांतील दोन उदाहरणें आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

रोम येथील भुयारी दफनभूमींत प्राचीन ख्रिस्ती लोकांनीं खांद्यावर मेंढरूं घेतलेला साधा मेंढपाळ रंगविला. पुढें पांचव्या शतकांत, इटलींतील राव्हेन्ना नगरीच्या गाल्ला प्लाचिदिया समाधिमंदिरांत, तोच मेंढपाळ काचेच्या बारीक खड्यांनीं जडविला गेला. येथें त्याचा अंगरखा सोनेरी, प्रावरण बादशाही जांभळ्या रंगाचें, आणि हातांत काठीच्या जागीं क्रूस आहे. तथापि दुसरा हात मेंढराच्या मुखाशींच आहे. राजवैभव आलें, परंतु मेंढरें दूर गेलीं नाहींत.

दुसरें चित्र मिसर देशांतील सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं, संत कॅथेरिनच्या मठांत आहे. सहाव्या शतकांत मेणमिश्रित रंगांनीं लांकडी फळीवर काढलेला हा सर्वसत्ताधीश ख्रिस्त उजव्या हातानें आशीर्वाद देतो. डाव्या हातांत शुभवर्तमानाचा ग्रंथ आहे. मुखाच्या दोन बाजू मात्र सारख्या नाहींत. एक शांत, तर दुसरी कठोर. कित्येक अभ्यासक त्यांत करुणा व न्याय पाहतात. अर्धें मुख कागदानें झांकून आळीपाळीनें पाहिलें, तर दोन निराळे पुरुष भासतात. कागद काढतांच मुख एकच!

आमच्या मतें मर्म हेंच. मेंढपाळ लांडग्यावर काठी उगारतो, ती मेंढरावरील प्रेमामुळेंच. जक्कय जकातदाराच्या घरीं प्रभु येशू पाहुणा म्हणून गेला. त्यानें प्रथम त्यास दटाविलें नाहीं. परंतु त्या सौम्यतेनेंच जक्कयाच्या मुखांतून, लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन निघालें. क्षमा झाली, आणि नागविलेल्या गरिबांचा हक्कही बुडाला नाहीं.

आईबाप, शिक्षक, वर्गनायक, ज्यांच्या हातीं थोडीबहुत सत्ता आहे, त्या सर्वांनीं हें मुख स्मरावें. अपराध्यास शासन करितांना त्याचा हात आपण सोडला तर नाहीं ना? आणि त्यास क्षमा करितांना, ज्याचें नुकसान झालें तो कोपऱ्यांत रडत तर नाहीं ना? हे दोन्ही प्रश्न जो एकाच वेळीं स्वतःस विचारतो, त्याच्याच हातीं सत्ता शोभते.